मित्रांसोबत गाडीने कोकण किनारा, अलिबाग ते मालवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याकडून निघून अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, रत्नागिरी, विजयदुर्ग करत मालवणला पोहोचायचं, वाटेत जुने किल्ले, वाडे, मशिदी, देवळं आणि बंदरं बघायची, अशा सफरीबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. ज्यांना चार मित्र जमवून स्वतःची गाडी काढायची आहे, त्यांच्यासाठी.

किती दिवस काढावे लागतील?

अख्खी वाट करायची तर सात-आठ दिवस हवेत. इतकी रजा सगळ्यांना एकदम मिळत नाही, म्हणून वाटेचे दोन तुकडे करा. एकदा अलिबाग ते गुहागर आणि पुढच्या वर्षी गुहागर ते मालवण. चार दिवसांत सगळं उरकायचा बेत करूच नका. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीशी थांबतो, चढतो, उतरतो, गावाच्या मधोमध बैलगाडीच्या रुंदीचा होतो. तासाला तीस-पस्तीस किलोमीटर धरून आखणी केली तर मनासारखी होते.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, समुद्र शांत, होड्या चालू. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, आणि मार्चमध्ये शिमग्याला गावोगावी पालख्या घरोघर फिरतात. त्या दिवसांत रस्त्यात पालखी भेटली तर गाडी बाजूला घ्या आणि थांबा, हॉर्न वाजवू नका. मे महिन्यात आंबा असतो, पण घामही असतो आणि सगळी मुंबई गावाला आलेली असते.

पावसाळ्यात कोकण देखणं असतं, पण ही सफर तेव्हा अर्धीच होते. जंजिरा आणि सिंधुदुर्गच्या होड्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, त्यामुळे ताज्या मासळीची आशा धरू नका.

भरती-ओहोटीचा एवढा विचार कशासाठी? आम्ही तर गाडीने जाणार.

या वाटेवरची निम्मी ठिकाणं समुद्राच्या वेळेवर उघडतात आणि बंद होतात. हॉटेल, जेवण, पेट्रोल हे सगळं नंतर ठरवा. आधी तुमच्या तारखांच्या तिथी बघा.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला होडी करावी लागते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या पायथ्याशी खडकांवरून जाते आणि ती फक्त ओहोटीलाच करायची असते. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या होडीत चढायला गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, तिथेही पाणी कुठे आहे यावर सगळं अवलंबून.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी (आणि पहाटे) तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या आसपास. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरून मोजायचं. हा मुंबई-अलिबागकडचा अंदाज आहे, दक्षिणेला सरकाल तशी वेळ थोडी अलीकडे येते. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळतेच, पण आखणी करताना कालनिर्णय समोर ठेवून पाऊणपटीने काम झटपट होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी किती उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते आणि ओहोटीही खोलवर जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ना फार चढत, ना फार उतरत. कुलाबा चालत करायचा तर चतुर्थी-पंचमीची सकाळ सोयीची: साडेनऊच्या सुमारास पाणी उतरलेलं, ऊन कोवळं, आणि परत यायला हाताशी वेळ. पाणी चढू लागलं की पाचच मिनिटं अजून म्हणत किल्ल्यावर रेंगाळू नका.

जंगल जेटी म्हणजे काय? गाडी खरंच बोटीत जाते?

हो, गाडीसकट तुम्ही बोटीत जाता. खाड्यांवर पूल नाहीत तिथे सपाट फेरीबोटी चालतात, त्यांना सगळे जंगल जेटीच म्हणतात. अलिबागहून दक्षिणेला येताना या चार लागतात:

आगरदांडा ते दिघी, राजापुरीची खाडी.
बागमांडला ते वेसवी, सावित्रीची खाडी.
दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची खाडी.
तवसाळ ते जयगड, शास्त्रीची खाडी.

प्रत्येकीने मोठा वळसा वाचतो. दाभोळची फेरी चुकली तर गुहागरला चिपळूणवरून जावं लागतं आणि अर्धा दिवस त्यातच जातो. सकाळपासून रात्रीपर्यंत ठरावीक वेळाने फेऱ्या असतात, पण शेवटची फेरी किती वाजता हे त्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारूनच निघा. सुट्टीच्या रविवारी संध्याकाळी रांग लागते. बोटीवर गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढा, गाडीतून उतरा आणि कठड्याशी उभे राहा. दाभोळच्या खाडीच्या मध्यावरून दोन्ही काठ बघताना या बंदराला एके काळी इतकं महत्त्व का होतं ते कुणी सांगावं लागत नाही.

रेवस ते रेडी सागरी महामार्गावर या खाड्यांवरचे पूल ठरले आहेत. ते झाले की वेळ वाचेल. मला मात्र अजून बोटीने जाता येतंय याचा आनंद वाटतो, आणि पूल व्हायच्या आत एकदा तरी जाऊन या असं मी आग्रहाने सांगते.

मुंबईहून सुरुवात कुठून करावी?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२० पासून ही सेवा आहे आणि गाडीही नेता येते. तासाभरात मांडवा, तिथून अलिबाग जवळच. रस्त्याने पेण-वडखळमार्गे यायचं तर पहाटे निघा. पुण्याकडच्यांना ताम्हिणी घाटातून माणगाव आणि तिथून किनाऱ्याला उतरणं सोपं.

वाटेत इतके किल्ले आहेत. सगळे बघायचे का?

नाही. चौथ्या-पाचव्या तटाशी डोळे थकतात आणि मित्र गाडीतच बसून राहतात. निवडून बघा आणि निवडलेल्याला वेळ द्या.

मी निवडेन ते असे. पहिला कुलाबा, कारण तो आंग्र्यांचा आहे आणि समुद्रातून चालत जाण्याचा अनुभव दुसरीकडे सहज मिळत नाही. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि तटावर यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या इंग्रजी तोफा चाकांवर उभ्या आहेत. परतताना अलिबाग गावात १७२९ साली वारलेल्या कान्होजी आंग्र्यांच्या समाधीवर थांबा. बहुतेक गाड्या समाधीवरून न थांबताच पुढे जातात आणि मला ते खटकतं. ज्याच्या आरमाराने इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनाही जेरीस आणलं, त्याच्याकरता दहा मिनिटं काढायलाच हवीत.

दुसरा जंजिरा, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

तिसरा विजयदुर्ग. माझ्या मते या सगळ्या वाटेवरचा सर्वांत मोलाचा किल्ला हाच. शिलाहारांच्या काळापासूनचा, शिवाजी महाराजांनी वाढवलेला, मग आंग्र्यांचं मुख्य ठाणं. १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून हल्ला केला, तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं आणि मराठ्यांच्या समुद्रावरच्या ताकदीचा कणा मोडला. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. तटावरून फिरताना हे आठवलं की पाय जड होतात. इथे होडी लागत नाही, रस्ता थेट दरवाजापर्यंत येतो, म्हणून भरती असो वा ओहोटी, दिवसभर बघता येतो. जवळच वाघोटनच्या खाडीत खडक खोदून केलेली जहाजांची गोदी आहे. गावात विचारत जा, पाटी शोधत बसू नका. गिर्ये गावातलं रामेश्वराचं देऊळही सोडू नका.

चौथा सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर बांधकामाला सुरुवात झाली. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या अंगणातून जाताना हे कुणाचं तरी घर आहे हे ध्यानात ठेवा. मालवणला ज्या खडकाजवळ पूजा करून कामाचा आरंभ झाला तो मोरयाचा धोंडाही किनाऱ्यावर दाखवतात.

सुवर्णदुर्ग बाहेरून पाहिला तरी चालेल. आत फार झाडोरा आहे. उतरलात तर दरवाजाजवळचं कासव आणि मारुती नक्की शोधा.

युनेस्कोच्या यादीत यातले कोणते आहेत?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राशी जोडलेले चार आहेत. जंजिरा त्यात नाही, कारण तो सिद्दींचा.

जंजिरा बघायला किती वेळ लागतो? आतपर्यंत जाता येतं का?

राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात. होडीवाले साधारण पाऊण ते एक तास किल्ल्यावर देतात. तेवढ्यात पळत फिरावं लागतं, म्हणून सकाळची पहिली होडी धरा, गर्दी नसली तर थोडं सैल सोडतात. दरवाजा किल्ल्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि याच बांधणीने तो कुणाच्या हाती लागला नाही. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी खाडीत भराव टाकून वाट करू पाहिली, तरी तो १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींकडेच राहिला. दरवाजाजवळ हत्तींना पायाखाली धरलेल्या शरभाचं (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं) शिल्प आहे, ते बघा. कलाल बांगडी तोफेपाशी सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढाल. त्यानंतर गोड्या पाण्याच्या तलावाच्या काठी दोन मिनिटं बसा.

समोर समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग, जंजिऱ्यावर वचक ठेवायला महाराजांनी बांधलेला. तिथे नेमाने होड्या जात नाहीत. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने आत खाल्ले गेलेत आणि मधला चुना तसाच पुढे आलेला आहे. त्या वेळच्या चुना करणाऱ्यांच्या हाताचं याहून मोठं प्रमाणपत्र मला माहीत नाही.

मुरुडजवळ खोकरीला सिद्दींच्या दगडी कबरी आहेत. कोरीव काम सुरेख, आणि तिथे बहुधा तुम्ही एकटेच असाल.

किल्ल्यांखेरीज बघण्यासारख्या जुन्या इमारती?

इथे खरं तर सगळ्यांत जास्त वेळ घालवायला हवा, कारण हा किनारा एकाच राजाचा किंवा एकाच धर्माचा कधीच नव्हता.

चौल-रेवदंड्याला रस्ताच पोर्तुगीज तटाच्या दरवाजातून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये चर्चचे पडके भाग आणि सातखणी नावाचा उंच मनोरा उभा आहे. वाड्या खासगी आहेत, विचारून आत जा, बहुतेक जण हो म्हणतात. रेवदंड्यात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं प्रार्थनागृह आहे. हे लोक शतकानुशतकं इथे तेलाचे घाणे चालवत होते आणि घरात मराठी बोलत होते. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफानासी निकितीन हिंदुस्थानात उतरला तोही चौलच्या बंदरात.

खाडीपलीकडे कोर्लई. किल्ला डोंगराच्या धारेवर समुद्रात घुसलेला, चढ अर्ध्या तासाचा. खाली गावातले ख्रिस्ती लोक घरात आजही पोर्तुगीज-मराठी मिसळीची स्वतःची भाषा बोलतात. पोर्तुगीज १७४० च्या सुमारास गेले, भाषा राहिली. मला किल्ल्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. मात्र कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरून बोलून दाखवा म्हणू नका.

दाभोळला जेटीजवळच आदिलशाही मशीद आहे, एक मोठा घुमट आणि चार मिनार. फेरीची वाट बघताना होते. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव, वेळास नाना फडणविसांचं. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर जपलेलं आहे, गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी तिथे वाट वाकडी करावी.

रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आहे, १९३१ चं पतितपावन मंदिर आहे आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये राज्य घेऊन त्याला हद्दपार केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा मिळायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची समाधीही गावातच आहे. राजवाड्यात संग्रहालय आहे. सोमवार टाळून जा.

गाइड सांगतात ते सगळं खरं असतं का?

गाइड करा, पैसे द्या, नीट ऐका. गावातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं सांगतात आणि त्यातलं बरंचसं कामाचं असतं: कुठल्या बुरुजावरून काय दिसतं, पाणी कुठून यायचं, वारा फिरला की काय होतं. पण समुद्राखालच्या भुयारांच्या गोष्टी गोष्टी म्हणूनच घ्या.

विजयदुर्गवर सांगतात की लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथल्या ओट्यांवरून ग्रहण बघून हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण कोकणातून दिसलं हे बरोबर. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि सूर्यप्रकाशातली ज्या पिवळ्या रेघेवरून हेलियम ओळखला गेला, ती त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला मोठेपणासाठी या गोष्टीची गरज नाही.

समुद्रात उतरावं का?

गावकऱ्यांना विचारल्याशिवाय नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र शांत दिसतो आणि ओढतो. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या खडकांवर लाटेने माणसं नेलेली आहेत. तिथे पाटी आहे, ती वाचा, आणि गटातला जो कुणी फोटोसाठी कडेला जाईल त्याला मागे ओढा. ओहोटी लागलेली असताना, संध्याकाळी उशिरा, आणि दारू प्यायल्यावर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. हा नियम निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या, किनाऱ्यावर उभं राहून वाद नको. अडचण आली तर ११२ वर फोन आणि जवळच्या कोळी बांधवांना हाक, हाक आधी.

गाडी वाळूवर नेली तर?

नेऊ नका. चाक रुततं, भरती येते आणि इंजिनात खारं पाणी जातं. शिवाय वेळास, आंजर्ले भागात वाळूखाली कासवांची अंडी असतात.

राहायचं आणि जेवायचं कुठे?

घरगुती निवास सगळीकडे आहेत आणि तेच बरे. एमटीडीसीची निवासस्थानं हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्लीला आहेत, तिथे आधी आरक्षण हवं. जेवणाचं मात्र सकाळीच सांगावं लागतं. दुपारी दोनला दारात जाऊन सहा जणांचं जेवण मागितलं तर काकूंकडे भातही उरलेला नसतो.

गुहागर, आंजर्ले, दिवेआगर भागात उकडीचे मोदक, आमटी-भात, सांदण (हंगाम असेल तर). हर्णैला बंदरावर मासळीचा लिलाव सकाळी आणि दुपारी उशिरा होतो. त्या वेळेला जा, घेतलेली मासळी काही खाणावळींत करून देतात. मालवणला वडे-सागुती, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नये.

आमच्यातल्या दोघांना इतिहासात रस नाही. त्यांचं काय करायचं?

सगळ्यांनी सगळं बघायला हवं असं काही नाही. दोघं कुलाब्याला जातील तेव्हा बाकीचे किनाऱ्यावर थांबतील. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे त्याला रेवदंडा, थिबा राजवाडा आणि विजयदुर्गचा खालचा भाग जमतो. दिवसाला एकच किल्ला ठेवला आणि संध्याकाळ मोकळी सोडली की कुरकुर होत नाही. आणि बहुतेक वेळा असं होतं की रस नसलेलाच माणूस होडीवाल्याशी गप्पा मारून सगळ्यांपेक्षा जास्त माहिती घेऊन येतो.

किल्ल्यावर दारू, भिंतीवर नावं आणि तोफेवर बसून फोटो, या तीन गोष्टींत मात्र मैत्री आड येऊ देऊ नका. थेट थांबवा.

गाडी कशी हवी? रोख पैसे लागतात का?

साधी छोटी गाडी पुरते, उलट अरुंद गल्ल्यांत तीच बरी. ब्रेक तपासून घ्या, खाड्यांकडचे उतार तीव्र आहेत. पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड अशा मोठ्या गावांत भरून घ्या. मधल्या पट्ट्यात नेटवर्क जातं, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवा आणि होडी, फेरी, खाणावळीसाठी रोख बाळगा. रात्री किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी चालवू नये, गुरं बसलेली असतात.

परत कुठून यावं?

मालवणहून कसालला या, तिथे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. मुंबईकरांनी तोच धरावा. पुणे-कोल्हापूरकडे जायचं तर कणकवलीहून फोंडा घाट किंवा वैभववाडीवरून करूळ घाट. घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडीमुळे अधूनमधून बंद ठेवतात, म्हणून आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. पहाटे पाचला मालवण सोडलंत तर दुपारच्या जेवणाला घाटमाथ्यावर असाल.